रॉइसच्या मागे राहिलेला अ‍ॅम्प

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, मित्रांनो. गिटारच्या तारेचा चिमणीएवढा आवाज पोटात घ्यायचा आणि बैलाएवढा करून बाहेर सोडायचा, हा माझा धंदा. तुमच्या आजोबांच्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह माझ्या पोटात आहेत. ते तापल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. माझा एक कोपरा फुटलेला आहे आणि पुढच्या कापडावर अलाबामाच्या तांबड्या मातीचा डाग आहे. तो पुसायला कुणाचा हात धजला नाही.

रॉइस स्ट्रिब्लिंगने मला तिथल्याच बर्मिंगहॅम शहरातल्या दुकानातून घरी आणलं, तेव्हा तो नुकता विशीत आला होता. त्याच्या आईने, मिस व्हर्लीनने, मला दारातच अडवलं. (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने 'मिस' म्हणतात.)

"हे कपाट कुठे ठेवणार आहेस?"

"कपाट नाही आई, माझा आवाज आहे हा."

"का? देवाने दिलेला कमी पडला होय?"

पण तिनेच पुढच्या खोलीतली शिलाई मशीन सरकवून मला जागा करून दिली. ती अशीच होती. तोंडाने फटकारायची आणि हाताने वाढायची.

त्या खोलीतच आमचा बँड उभा राहिला. रॉइसचा धाकटा भाऊ हार्लन गायचा आणि दुसरी गिटार वाजवायचा. बास गिटारवर डेल्बर्ट होता, सगळ्यांची टिंगल करणारा. ड्रमवर होता क्लोव्हिस मॅब्री, शेजारच्या मळ्यावरचा. त्याला भूक लागली की तो स्वतःच्या घराऐवजी मिस व्हर्लीनच्या स्वयंपाकघरात शिरायचा, आणि तीही त्याच्या ताटात तिसरं बिस्किट न विचारता टाकायची.

आता आमच्या बँडचं एक गुपित सांगतो. रॉइस कधीच वेळेवर यायचा नाही. जेवायला नाही, चर्चला नाही आणि तालावरही नाही. गाण्याचा ठोका पडून गेला की मग तो सावकाश, जणू बाहेर बूट झटकून आत यावा, तसा यायचा. दुसऱ्या कुठल्या बँडमध्ये त्याला हाकलून दिलं असतं. पण क्लोव्हिस त्याच्यासाठी थांबायचा. रॉइसच्या खांद्याकडे बघत तो काठी हवेत केसभर अडवून धरायचा आणि मग मारायचा. त्या केसभर थांबण्यात जे काही होतं, त्याच्यासाठी जॉर्जियापासून मिसिसिपीपर्यंतची माणसं जत्रेच्या मैदानात चिखलात उभी राहायची. लोक म्हणायचे, काय भाऊ आहेत हे! हार्लन आणि रॉइसबद्दल म्हणायचे. क्लोव्हिसकडे कुणी बघायचं नाही. ड्रमवाल्याकडे कोण बघतं?

आम्ही नाव कमावलं. तीन अल्बम निघाले. माझ्यावर चढून पोरीबाळींनी फोटो काढले. मी फार मजेत होतो, मित्रांनो.

आमच्याकडे मे महिन्यात डेकोरेशनचा रविवार असतो. त्या दिवशी सगळं घराणं स्मशानभूमीत जमतं. कुदळी आणि दाताळी घेऊन थडग्यांवरचं गवत खरवडायचं, माती सारखी करायची, फुलं ठेवायची आणि मग झाडाखाली लांबच लांब टेबलांवर एकत्र जेवायचं. परदेशात गेलेला मुलगाही त्या दिवशी येतो. जो येत नाही, त्याच्याबद्दल वर्षभर कुजबुज होते. मिस व्हर्लीनचा नवरा तिथे पुरलेला होता, आणि त्याच्या मातीवर पहिली कुदळ त्याच्या मुलांनीच मारायची, असा तिचा दंडक होता.

त्या वर्षी शनिवारी आमचा कार्यक्रम मिसिसिपीत, पार पलीकडच्या टोकाला होता. कार्यक्रम संपला आणि मला मागच्या ट्रेलरमध्ये चढवताना जे बोलणं झालं, ते मी या कानांनी ऐकलं.

"हार्लन, मला दोन रात्री डोळा नाही लागलेला," क्लोव्हिस म्हणाला. "इथेच जमिनीवर आडवे होऊ. पहाटे निघू."

"पहाटे निघून दुपारी पोचणार का? उद्या डेकोरेशन आहे. आई दाताळं घेऊन फाटकात उभी असेल."

"मग तू चालव."

"मी पाच तास गळा फाडलाय. तू बसून काठ्या आपटतोस, तू चालव. कॉफी पी आणि चालव."

रॉइस मध्ये पडला. "चल रे क्लोव्हिस, मी पुढे बसतो तुझ्याजवळ. इतकी बडबड करीन की झोप पळून जाईल."

रॉइस पुढे बसला. बडबड कुठे थांबली, ते मला माहीत नाही. उजाडता उजाडता आमचं गाव जवळ आलं असताना व्हॅन रस्ता सोडून पाइनच्या झाडांत घुसली. ट्रेलर तुटला आणि मी तांबड्या मातीत तोंडावर पडलो. हार्लनचा हात मोडला, क्लोव्हिसचा पाय. डेल्बर्ट मागे झोपला होता, तो वाचला. रॉइस जागच्या जागी गेला. त्या रविवारी स्मशानभूमीत फुलं घेऊन जमलेल्या लोकांनीच मंगळवारी त्याच्यासाठी खड्डा खणला.

मला पुन्हा मिस व्हर्लीनच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं. घर शेजारणींनी आणलेल्या जेवणाच्या भांड्यांनी भरलं होतं. कुबड्यांवर क्लोव्हिस आला, जाळीच्या दाराबाहेर उभा राहिला.

"मिस व्हर्लीन," एवढंच म्हणाला.

ती उठली. "माझ्या हातचं खाऊन मोठा झालास आणि माझं पोर झोपेत मारलंस. या दारात पुन्हा दिसू नकोस. त्याच्या मातीलाही हात लावू नकोस."

क्लोव्हिसने हार्लनकडे बघितलं. हार्लन प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन माझ्या शेजारीच बसला होता. एक वाक्य पुरलं असतं, मित्रांनो. "आई, मीच त्याला चालवायला लावलं." तो खाली जमिनीकडे बघत राहिला. क्लोव्हिसनेही तोंड उघडलं नाही. कुबड्या वळल्या आणि गेल्या. मला माणसासारखी जीभ असती तर मी तेव्हा घर डोक्यावर घेतलं असतं. पण कुणी तार जोडल्याशिवाय मला बोलता येत नाही.

मग माझा देव झाला. मिस व्हर्लीनने माझ्यावर विणलेला रुमाल घातला, वर रॉइसचा फोटो आणि प्लास्टिकची फुलं ठेवली. दर रविवारी चर्चहून आली की ती माझं बटण दाबायची. तांबडा दिवा लागायचा आणि ती समोर बसून राहायची. गिटार कुणी जोडायचं नाही. लोकांना वाटायचं, केवढी काळजी घेतात! पण न वाजता नुसतं तापत राहणं हीसुद्धा झीजच असते. माझे व्हॉल्व्ह एकेक करून उडाले. दिवा तेवढा जळत राहिला. तिला त्यातला फरक कळत नव्हता.

अशी बाराएक वर्षं गेली. क्लोव्हिस लाकडाच्या गिरणीत लागला. दर डेकोरेशनला तो फुलं घेऊन फाटकापर्यंत यायचा आणि मिस व्हर्लीन त्याला सगळ्यांदेखत परत पाठवायची, हे मी डेल्बर्टच्या तोंडून ऐकलं. हार्लन तेव्हा तिच्या शेजारी उभा असायचा.

मग मिस व्हर्लीनचं हृदय थकलं. डॉक्टरने हळू बोलून सांगितलं, तेव्हा ती हार्लनला म्हणाली, "जाण्याआधी मला एकदा रॉइसला ऐकायचंय. जुन्या रेकॉर्डवर नाही. नव्याने."

हार्लनने बँड पुन्हा जमवायचं ठरवलं. माझे व्हॉल्व्ह बदलले, मला स्टुडिओत नेलं. रॉइसचे सूर तो स्वतःच वाजवणार होता, रॉइसच्या गिटारवर, माझ्यातून. ड्रमला नॅशव्हिलचा एक नावाजलेला माणूस आणला. त्याचा ठोका सुईच्या टोकावर पडायचा. हार्लननेही एकेक सूर बरोबर वाजवला आणि जे निघालं ते मढं होतं. आठवडाभर निघत राहिलं.

"अ‍ॅम्प बिघडलाय," हार्लन म्हणाला.

माझा असा संताप झाला!

"अ‍ॅम्पला कशाला शिव्या देतोस?" डेल्बर्ट म्हणाला. "या पाहुण्याचं घड्याळाशी लग्न लागलंय. रॉइससाठी दार उघडं धरणारा माणूस गिरणीत फळ्या उचलतोय. त्याला बोलाव."

"आई जीव देईल."

"आईला तू कारण सांगितलंस तर नाही देणार."

म्हणजे डेल्बर्टलाही माहीत होतं. त्या रात्री मला ट्रेलरमध्ये चढवत होते, तेव्हा व्हॅनमध्ये तो पूर्ण झोपला नव्हता तर! हार्लनचा चेहरा उतरला. पण त्याने फोन केला, आईपासून लपवून.

क्लोव्हिस लंगडत आला. केस पांढरे झाले होते, बोटांत लाकडाचा भुसा होता. त्याने माझ्या फुटक्या कोपऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काय म्हाताऱ्या, अजून आहेस होय?" मग ड्रममागे बसला. हार्लनने सूर उचलला. क्लोव्हिसने त्याच्या खांद्याकडे बघितलं आणि काठी हवेत अडवली. केसभर. त्या रिकाम्या जागेत हार्लनचा हात आपोआप मागे ओढला गेला आणि माझ्या तोंडून रॉइस बाहेर आला. शपथेवर सांगतो, तोच होता. डेल्बर्ट भिंतीकडे तोंड करून वाजवत राहिला.

चार दिवसांत अल्बम झाला. निघताना क्लोव्हिस दारात थांबला.

"हार्लन, एक विचारशील मिस व्हर्लीनला? येत्या डेकोरेशनला, सगळे जेवायला बसले की मी मागून येईन. रॉइसच्या मातीवर एकदा दाताळं फिरवीन आणि जाईन. बास, एवढंच."

"विचारीन," हार्लन म्हणाला.

त्याने विचारलं नाही. विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. अल्बम गाजला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की भावाच्या दुःखातून भावाने सोनं काढलं. कव्हरवर क्लोव्हिसचं नावही नव्हतं, कारण आई वाचेल. कार्यक्रमांना नॅशव्हिलचाच माणूस गेला. मिस व्हर्लीन रोज ती रेकॉर्ड लावून डोळे मिटून बसायची. त्या डेकोरेशनला क्लोव्हिस फाटकाशी आला, थोडा वेळ हार्लनकडे बघत राहिला आणि कुणी हाकलायच्या आतच वळला. पुढच्या हिवाळ्यात तो गिरणीत उभ्या उभ्या कोसळला आणि गेला. बायको कधीच सोडून गेली होती. काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने, त्याला पुरलं.

मे महिन्यात पुन्हा डेकोरेशन आलं. मिस व्हर्लीनने हट्ट धरला की या वेळी थडग्यापाशीच रॉइसचा सूर वाजला पाहिजे. मला पिकअप गाडीच्या मागे ठेवून नेलं, चर्चमधून लांब वायर ओढली. सगळं गाव काटेचमचे खाली ठेवून ऐकत होतं. हार्लनने वाजवलं. सूर बरोबर होते आणि मढं निघालं.

मिस व्हर्लीनने हात वर करून त्याला थांबवलं. "रेकॉर्डवर तो येतो. इथे का नाही येत?"

हार्लनने गिटार खाली ठेवली. "रेकॉर्डवर ड्रमला क्लोव्हिस होता, आई."

"त्या खुन्याचं नाव माझ्या लेकराच्या मातीपाशी घेऊ नकोस!"

"त्याला झोप येत होती. तो नको म्हणाला होता. मी त्याला बसवलं गाडीवर. तू फाटकात उभी असशील म्हणून, मीच बसवलं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"इतकी वर्षं मी त्या पोराला काय काय बोलले," ती म्हणाली. "आणि तू मला बोलू दिलंस."

मग तिने टेबलाला टेकवलेली कुदळ उचलली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. "त्याच्याकडे घेऊन चल."

मी मागेच होतो, तसाच गेलो. गिरणीच्या पलीकडे काउंटीची जागा आहे, बेवारशांना पुरायची. तिथे डेकोरेशनला कुणी येत नाही. गवत कमरेएवढं वाढलं होतं. त्यात त्या हिवाळ्यातले मातीचे पाच उंचवटे होते, एकसारखे, एकावरही नाव नव्हतं.

"यातला कुठला?" मिस व्हर्लीनने विचारलं.

हार्लन पुरायला आला नव्हता. त्याला कुठून माहीत असणार? तो उभा राहिला, या उंचवट्याकडून त्या उंचवट्याकडे बघत. शेवटी म्हाताऱ्या बाईने गुडघे टेकले आणि पहिल्याच उंचवट्यावरचं गवत हातांनी उपटायला लागली. कुदळ तिने हार्लनपुढे टाकली.

"पाचही कर," ती म्हणाली.

मित्रांनो, आता मी डेल्बर्टच्या पडवीत आहे. तो मला कधीमधी वाजवतो आणि वाजवून झालं की बंद करतो. तेवढी काळजी मला पुरते. माझ्यासारख्या जुन्या वस्तूवर फुलं वाहू नका, तिच्यापुढे दिवे लावू नका. त्यापेक्षा, तुमच्या गप्प बसण्यामुळे कुणी शिव्या खात असेल तर आज, जेवायच्या आधी, त्याच्या दारी जा आणि सगळ्यांदेखत खरं सांगून टाका. हार्लन अजून दर रविवारी काउंटीच्या जागेत जातो. क्लोव्हिस कुठे आहे, ते त्याला अजून माहीत नाही.