तिसरा पट्टा

सायकलला मागून जोडायची गाडी कशी बघून घ्यावी, हे मला विचारा. आमच्या युनिटमध्ये दुसऱ्या कुणाला विचारू नका, कारण बाकीच्यांना फक्त हसता येतं. आधी बाई सायकल चालवते म्हणून हसायचे, मग बाई सायकलला गाडी जोडणार म्हणून बायकाही तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसा म्हटलं. तुम्हाला एक पोर कडेवर, एक पोर बोटाला आणि डोक्यावर रेशनचे तांदूळ घेऊन दीड कोस चालावं लागत नाही ना, मग खुशाल हसा.

आम्ही आरे कॉलनीत, तबेल्यांच्या एका युनिटात राहायचो. संपात गिरणी बसली तसे आमचे हे, म्हणजे जयवंत, एका तबेल्यात चारा मोजून द्यायच्या कामाला लागले आणि तिथेच एक खोली मिळाली. भोवती नुसती झाडी. बस तासाला एक, तीही ड्रायव्हरच्या मनात आलं तर. बालवाडी एका टोकाला, रेशनचं दुकान दुसऱ्या टोकाला. ही शहाऐंशी सालची गोष्ट. श्यामसुंदर तेव्हा चार वर्षांचा होता आणि उत्तरा अडीचची.

त्यांच्या आधीची क्षमा. ती असती तर सहाची असती. त्याच्या दोन वर्षं आधी मी तिला कॅरिअरवर बसवून बाजारातून येत होते. पाण्याच्या टाकीपुढच्या उतारावर तिला डुलकी लागली. हँडलला दोन्हीकडे पिशव्या, मागचं मला काही दिसत नव्हतं. माझ्या कंबरेवरचा तिचा हात सुटलेलाही मला कळला नाही, मी बरीच पुढे निघून गेले होते. डोक्यावर पडली होती. हे कुणी माझ्याकडून गोडगोड करून ऐकू नये. मी चालवत होते आणि ती पडली.

त्यानंतर ह्यांनी सायकल छताला टांगली आणि दोन वर्षं मी चालले. मग श्यामला बालवाडीत घातलं आणि माझी वाट लागली. सकाळी सोडा, दुपारी आणा, मध्ये दुकान, कडेवर सतत उत्तरा. एकदा घासलेटचा डबा आणि उत्तरा दोन्ही एकदम हातातून सुटायला आले, आणि मी डबा धरला. हो, डबा. पोरगी घसरत मातीत बसली, तिला काही झालं नाही. पण मी त्याच दिवशी घरी येऊन म्हटलं, सायकल खाली काढा.

"परत?" हे म्हणाले.

"कॅरिअरवर नाही. मागे गाडी जोडणार. पडलं तरी वीतभरावरून पडेल अशी."

तीन दिवस सायकल छतालाच होती. चौथ्या दिवशी ह्यांनी सायकल उतरवली, चेनला तेल घातलं आणि एवढंच म्हणाले, "टाकीच्या उताराने जायचं नाही. तलावाकडच्या सपाट रस्त्याने जायचं, लांब पडला तरी." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

मरोळला अंबादास म्हणून वेल्डर होता, भाजीवाल्यांच्या हातगाड्या करायचा. त्याच्याकडे सायकलच्या गाड्या तीन तऱ्हेच्या होत्या. पहिली एका चाकाची. हलकी, अरुंद, कुठूनही निघेल. पण सायकल कलली की तीही कलते. कांद्याबटाट्याचं ठीक आहे, पोरं काय कांदेबटाटे आहेत? दुसरी गॅसचे सिलिंडर न्यायची, उंच. "यात मुलांना मस्त दिसतं सगळं, वहिनी," अंबादास म्हणाला. मी तिच्या फळीवर हात ठेवला. बरोबर कॅरिअरएवढी उंची होती. मी हात काढून घेतला.

तिसरी बुटकी, दोन चाकांची. पत्र्याची पेटी, आत आडवी फळी, फळीखाली सामान. फळी जमिनीपासून वीत आणि चार बोटं. मी तिथलीच वाळूची दोन पोती आत टाकायला लावली, सायकलला जोडायला लावली आणि मरोळच्या नाक्यावर गरकन वळवली. एक चाक उचललं.

"चाकं बाहेर घ्या," मी म्हटलं. "चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे."

"कुणी एवढं वळवत नाय हो."

"मी वळवते."

चाकं बाहेर घेतली. जोडणी सीटच्या दांड्याला नको, खाली मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपाशी करा म्हटलं, म्हणजे गाडी खालून ओढली जाते, डोलत नाही. पोरांची तोंडं माझ्याकडे. हँडलला स्कूटरचा आरसा, म्हणजे मागचं दिसत राहील. आणि नवारीचे पट्टे, बक्कल लावून, पोटावरून बांधायचे.

"पोरं किती?" त्याने टेप काढत विचारलं.

"दोन."

त्याने दोन पट्टे मारले. दोघांना फळी अंगाबरोबर बसत होती, हात ठेवायलाही जागा उरत नव्हती.

गाडी घरी आली तेव्हा गुणाजीकाका नारळ घेऊन दारात उभेच होते. ते ह्यांचे चुलते, आमच्याकडेच असायचे. आम्हा मालवण्यांत नवीन काही घरात आलं की गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एकट्याच्या सांगण्याला काही अर्थ नसतो. सगळ्यांनी 'व्हय' म्हटलं की ते लागू होतं.

काकांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज जयवंतान ही गाडी घरात हाडल्यान हा..."

"व्हय म्हाराजा."

"हेच्यात तेची तीन पोरां बसतली, तेंका सुखरूप न्हे आणि सुखरूप परत घराक हाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

तीन. उत्तरा झाली तेव्हा काकांनी तिन्ही पोरांसाठी गाऱ्हाणं घातलं होतं, तेच सवयीने तोंडात आलं. सत्तरी उलटलेला माणूस. हे मान खाली घालून उभे होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी मात्र ऐकलं होतं. 'व्हय' म्हणायच्या आधी ऐकलं होतं. नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन तलावाकडच्या रस्त्याने निघाले. जाताना ठीक. दुपारी श्यामला घेऊन येताना बालवाडीपासून गाडी जड झाली. वाळूच्या पोत्यांनी जड होते तशी नाही, मागे कुणी बसल्यावर होते तशी. मी थांबून टायर दाबले. हवा होती. आरशात बघितलं तर श्याम आणि उत्तरा दोन बाजूंना पत्र्याला चिकटून बसलेले, आणि मध्ये जागा. ज्या फळीवर दोघं जेमतेम मावत होती, तिथे मध्ये हातभर जागा.

"श्याम, आत सरक. पडशील."

"आत जागा नाहीये," तो म्हणाला.

उत्तराने हातातलं बिस्कीट मोडलं आणि अर्धं फळीवर मध्ये ठेवलं. घरी आलो तेव्हा ते तसंच होतं, कुणी खाल्लेलं नव्हतं. मी ते पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

मी घाबरले असेन असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. मला आनंद झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा मला नीट भूक लागली. रोज गाडी जोडायची मला घाई व्हायची. श्यामला क्षमा आठवणं शक्य नव्हतं, तो तेव्हा दोन वर्षांचा होता. तरी तो तिच्याशी बोलायचा, हळू आवाजात, आणि मी पॅडल मारत कान मागे ठेवायचे. मला तिचं काही ऐकू यायचं नाही. फक्त तिचं वजन कळायचं. आईला लेकराचं वजन कळतं, त्यात चूक होत नाही.

आणि मग मी वचन मोडलं. सपाट रस्त्यावर ती अर्धवट असायची, कधी असायची कधी नसायची. टाकीच्या उतारावर मात्र पुरी असायची. म्हणून मी रोज टाकीच्या उताराने यायला लागले. ब्रेक दाबून, पाय घासत, हळूहळू. उशीर कशाला झाला असं ह्यांनी विचारलं की दुकानात रांग होती म्हणायचे. काम नसलं तरी काहीतरी आणायचं काढून पोरांना गाडीत घालायचे. त्या दोघांना ऊन लागतंय, भूक लागली आहे, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं.

उतारावर आता उत्तराला रोज झोप यायला लागली. टाकी दिसली की मान पडायची. पट्टा आहे म्हणून मी काळजी केली नाही.

एका दुपारी गाडी निम्म्या उतारावर एका बाजूला ओढायला लागली. मी आरशात बघितलं. श्याम दिसत नव्हता. सायकल कशी थांबवली मला आठवत नाही, चपलेचा अंगठा तुटला होता एवढं नंतर कळलं.

श्याम होता. पेटीच्या काठावर बाहेरच्या बाजूला बसला होता, दोन्ही मुठींनी पत्रा धरून. सदऱ्याची बाही चाकाला घासून काळी झाली होती. त्याच्या पोटावर पट्टा नव्हता. त्याचा पट्टा मध्ये बांधलेला होता, बक्कल लावून, रिकाम्या जागी. आणि पट्टा फळीवर पडलेला नव्हता. वर उचललेला होता, ताठ, पोटावरून बांधल्यावर राहतो तसा.

"काय केलंस हे?"

"तिला पट्टाच नाहीये, आई. तिला झोप येते ना, मग ती पडते. मी धरून बसतो. मी मोठा आहे."

मी पट्ट्याला हात लावला. पट्टा हळूच फळीवर बसला.

त्याही वेळी मला अक्कल आली नाही. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, एवढंच ना, मग तिसरा पट्टा मारून घेऊ. दुसऱ्या दिवशी पोरांना काकांपाशी ठेवून मी गाडी घेऊन मरोळला गेले.

"पोरं किती?" अंबादासने विचारलं. तो विसरला होता.

"तीन."

त्याने फळीला टेप लावला, दोनदा लावला आणि मान हलवली. "तीन नाय बसणार, वहिनी. तिसरं बसवायचं तर आतल्या दोघांतलं एक उतरवा."

"मग मोठी गाडी करून द्या."

"देतो की. पण ती तुम्हाला उतारावर झेपायची नाय. एवढं वजन मागून ढकलायला लागलं की ब्रेक काय करणार? तुम्ही गाडीला नाय नेणार, गाडीच तुम्हाला घेऊन जाईल." त्याने टेप गुंडाळला. "कोण उतरणार ते बघा आणि सांगा. पट्टा मारायला पाच मिनिटं."

मी तिथल्या स्टुलावर बसले. अंबादासने पाणी दिलं. मला श्यामची काळी बाही दिसत होती. क्षमा पडली तेव्हा मला माहीत नव्हतं. हा पडला असता तर मला माहीत असून पडला असता.

घरी येऊन मी काकांना सगळं सांगितलं. ह्यांच्यासमोरच सांगितलं, उताराचंही. हे उठून बाहेर गेले. काकांनी गुडघ्यांना मिठी मारली.

"चुकान माझ्या तोंडात इला गे, जानके," ते म्हणाले. "पण तू व्हय म्हटलंस मा? जाणून म्हटलंस. आता गाऱ्हाणा तूच घालूक होया. मी घालून ता सुटाचा नाय."

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर आम्ही सगळे टाकीपाशी जमलो. काका, हे, आणि गाडीत दोन्ही पोरं. मी नारळ हातात घेतला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, मला त्याचे शब्द धड येत नव्हते. मी माझ्या साध्या बोलण्यातच बोलले.

"देवा म्हाराजा, मी जानकी. या गाडीत माझी दोन पोरं बसतात."

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले. ह्यांचा आवाज आला नाही.

"श्यामसुंदर आणि उत्तरा. दोनच. त्या दोघांना सांभाळ. आणि माझी मोठी, क्षमा, हिला मी इथे..." काका थांबले. श्याम माझ्याकडे बघत होता. "हिला मी इथे तुझ्या हवाली करते, म्हाराजा. परत मागणार नाही."

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले, आणि या खेपेला हेही म्हणाले. तोंडावर उपरणं धरून म्हणाले.

नारळ फोडला. दोघांचे पट्टे मी स्वतः लावले. पोरं फळीवर मध्यापर्यंत सरकून बसली, आपली आपणच. मी सायकल हातात धरून उतार चालत उतरायला लागले. गाडी एवढी हलकी होती की मला वळून बघावं लागलं, जोडणी सुटली तर नाही ना.

थोडं खाली आल्यावर श्याम मान वळवून टाकीकडे बघायला लागला.

"आई, तिला घर सापडेल ना?"

सापडेल म्हटलं असतं तर ती आली असती. मला ते पक्कं ठाऊक होतं, माझी पोर होती ती. त्याच्या कानात बोलून भागणार नव्हतं. मी मोठ्याने बोलले, वर टाकीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"नाही सापडणार, बाळा. तू पुढे बघ."