हिंगोलीत न दिसणारी जाहिरात

मी मिराबाई. माझी पुजा नांदेडहून कॉम्प्युटर शिकून आली आन् बापाच्या हापिसात बसाय लागली. कुणी नुसतं "लेक काय करते?" म्हणलं की माझ्या हातातला चहा गार होतो. कुणाला आवडो न आवडो, मी सांगणारच.

२००८ची गोष्ट. आमचे मालक, म्हणजे पुजाचे बा मोहनसिंग, आन् त्यांचा भागीदार धनसिंग, दोघांनी नरसीच्या रस्त्याला प्लॉट पाडले होते. गिऱ्हाईक येईना. पुजा म्हणली, "बा, इंटरनेटवर जाहिरात देऊ." धनसिंगला हापिसातल्या तिच्या खुर्चीवर स्वतःचा पुतण्या बसवायचा होता. तो म्हणला, "दसऱ्यापर्यंत एक तरी प्लॉट तसा विकून दाखव. न्हाईतर खुर्ची सोड." माझं टाळकंच सरकलं. पण पोरगी म्हणली, "कबूल, काका."

मालकांना जाहिरात कशी पाहिजे होती? चौकातल्या फ्लेक्ससारखी! गॉगल घातलेला फोटो, जोडलेले हात, साऱ्या महाराष्ट्राला दिसंल अशी. पुजा समजावून राहिली, "बा, तशी फोटोची जाहिरात महाग. ज्याला प्लॉट घ्यायचाच न्हाई, तो बी बघतो आन् सोडून देतो. दुसरी तऱ्हा आहे. कुणी 'हिंगोली प्लॉट' असं शोधलं की आपल्या दोन ओळी दिसतात. त्यानं त्या दाबल्या तरच पैसे कटतात. आपण ठरवलेली रोजची रक्कम संपली की त्या दिवसापुरती जाहिरात बंद."

"फोटो न्हाई?" मालकांचं तोंड एवढंसं झालं. पण लेकीपुढं त्यांचं कधी चाललंय का!

जाहिरात लागली, त्यात पुजाचं नाव आन् हापिसाचा नंबर. दाबणारे ढीगभर, फोन एक बी न्हाई. पुजाला जेवण जाईना. मग तिनं तपासलं, तर दाबणारे सगळे हिंगोलीचेच, आन् दुपार व्हायच्या आत रक्कम खलास.

"बा, तुमी काही केलं का?"

मालक छाती फुगवून म्हणले, "केलं म्हणजे? रोज आपल्या तांड्यावरची माणसं जीप भरून नेतो नेट कॅफेत! शेजारच्या म्हाताऱ्या पार्वतीबाईनं सुद्धा आपल्या हातानं दाबलं!"

आता काय बोलावं कपाळ! आमच्या तांड्यात एकाची गाय व्याली की खरवस घरोघर जातो. लेकीचं नाव कॉम्प्युटरवर आलेलं ह्या माणसानं एकट्यानं कसं बघावं? धनसिंग मात्र मांडीवर थाप मारून हसला, "कुंपणानंच शेत खाल्लं की!" मी म्हणलं, "दात काढू नका भाऊजी, दसरा अजून यायचाय."

पुजा बापावर ओरडली न्हाई. म्हणली, "बा, इथल्या माणसाला प्लॉट पाहिजे तर तो तुमालाच येऊन विचारतो. कॉम्प्युटरवर शोधणार कोण? जो पुण्या-मुंबईला नोकरीत आहे आन् ज्याला म्हातारपणी गावाजवळ यायचंय तो." तिनं हिंगोलीत जाहिरात दिसणंच बंद करून टाकलं. जाहिरात फक्त पुण्या-मुंबईत ठेवली.

मालक कॅफेत जाऊन शोधायचे, काही दिसायचं न्हाई. "मेली वाटतं जाहिरात," म्हणत परत यायचे. घट बसले तरी फोन न्हाई. माझ्या जिवाला घोर लागला.

मग एका सकाळी फोन वाजला. धनसिंगनं उचलला. पुण्याचे हवालदार, हनुमानराव, मूळचे आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावचे. धनसिंग ऐटीत म्हणला, "मालक बोलतोय, बोला."

"मालक नको," तिकडून आवाज आला, "पुजा मॅडमला द्या. जाहिरातीत त्यांचं नाव आहे."

धनसिंगनं फोन तिच्यापुढं धरला. दसऱ्याच्या आधी हवालदार बायकोला घेऊन आले, प्लॉट पाहिला आन् पुजाच्या टेबलासमोर बसून विसार दिला. धनसिंगनं स्वतः चहा सांगितला. माझे डोळे भरून आले, आन् मी ते लपवले बी न्हाई.

आन् आमचे मालक? ते तडक तांड्यावर गेले. चार माणसं गोळा केली आन् मोठ्यानं सांगितलं, "आमच्या पुजाची जाहिरात हिंगोलीत कुणालाच दिसत न्हाई! बघायची आसंल तर पुण्याला जावं लागतं, पुण्याला!"