माझ्या जबानीतला बिबट्या

खडवलीजवळच्या आमच्या पाड्यावर लाडकीच्या वनहक्काच्या दाव्याची चौकशी होती. तिच्याकडे कागद नव्हते. पण म्हाताऱ्याची जबानीही पुरावा धरतात, म्हणून मला साहेबापुढे बसवलं. तिचा सासरा ती जमीन कसायचा, एवढंच सांगायचं होतं. पण साहेब माझा शब्दन् शब्द लिहून घेतोय म्हटल्यावर माझी जीभ सुटलीच.

"अहो, याच शेतात त्यानं नुसत्या कोयत्यानं बिबट्या लोळवला!"

साहेबाचं पेन थांबलं. "म्हणजे शिकार?"

दावा तिथंच अडकला.

बाहेर लाडकीनं मला गाठलं. "बाबा, आम्ही पहिलं कणीस वाघोबाला वाहतो. बिबट्या दिसला की सासरा शेत त्याच्यावर सोडून घरी यायचा. त्याला तू मारेकरी केलास?"

"गंमत केली गं. उद्या सांगतो, थाप होती म्हणून."

"मग जमिनीचं तरी खरं कोण मानंल?"

मला तिच्याकडे बघवेना. सकाळी साहेबाकडे गेलो. "बिबट्या खोटा होता, साहेब. तसं लिहा."

साहेब हसला. "आणि बाकीचं, बाबा?"

"बाकीचं खरं," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला थापाड्याचा वाटला.