नानांच्या खोलीतली बाई

“बाईला काय धाड भरली न्हाई, नाना. मशीनच दमलंय,” जमील म्हणाला आणि त्याने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण फरशीवर ठेवलं. “तुमची विंडोज लई जुनी झाली. नवी घालू. बाई तीच ऱ्हाईल, बटनं तीच ऱ्हातील. दुपारच्या आत गाणं चालू.”

“जमीलभाई, तुमी पंपाच्या मोटारी बघा,” दारातून सुरज म्हणाला. “हितं विंडोज न्हाई, मॅक येनार. पुण्यात समदे स्टुडिओवाले त्याच्यावरच काम करतेत.”

“मोटारी बघतोच की. पर त्या तुज्यासारख्या कोरड्या फिरत न्हाईत.”

गहिनीनाथ हसले. मधल्या सतरंजीवर पेटी मांडीशी ओढून ते बसले होते. लहानपणी गोवराने डोळे नेले, तेव्हापासून तेलगावात त्यांना सगळे नानाच म्हणत आले. पंचक्रोशीतली भजनी मंडळं त्यांच्या या खोलीत येऊन गात आणि नाना ते कॉम्प्युटरवर भरून घेत. पडद्यावरचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारी एक बाई जमीलने त्यात बसवून दिली होती. बाई म्हणजे नुसता आवाज, तोही सपाट, ना राग ना लोभ. डाव्या कानात ती बोलायची, उजव्या कानात गाणारा गायचा. बोटांना खूण हवी म्हणून कीबोर्डच्या ठरावीक बटणांवर नानांनी राजगिऱ्याचे दाणे फेविकॉलने चिकटवले होते. कुणाची ओळ चुकली तर ती कापायची, खोकला काढायचा, टाळ मागे न्यायचे, हे सगळं ते एकटे करत. जगात दुसरं कुठलंही काम त्यांना एकट्याने करता येत नव्हतं. बाजारात जायचं तर कुणाचा तरी खांदा लागे. या खोलीत तो लागत नसे.

“सुरज,” नाना म्हणाले, “त्या मॅकमधी बाई असती का रं?”

“असती की. आतच असती, बाहेरून घालायचीबी गरज न्हाई. मी शिकवतो ना तुमाला.”

नानांनी जमीलच्या दिशेने मान वळवली.

“खोटं कशाला बोलू, असती,” जमील म्हणाला. “पर बटनं येगळी, समदं येगळं. रोज कुणीतरी शेजारी बसून शिकवाया पायजे. आठवडाभर पोरगं बसंल, पुढं?”

तेवढ्यात भावजय केशरबाई चहा घेऊन आली. तिचा सोमवारचा उपास होता. सकाळपासून पोटात काही नाही, तरी आवाज नेहमीसारखा मऊ. कप नानांच्या हातात नीट बसेपर्यंत तिने तो सोडला नाही. मग खाली वाकून ती हळूच म्हणाली, “भाऊजी, मी काय सांगनार त्यातलं. पर ह्या मशीनच्या निमतानं पोरगं हितं ऱ्हाईल. पुन्यात काय खातंय, कुठं झोपतंय, कळत न्हाई.”

सुरज थोरल्या भावाचा एकुलता एक. त्याला पहिली सरगम नानांनीच शिकवली होती, याच सतरंजीवर, त्याचं बोट धरून.

“आना मॅक,” नाना म्हणाले.

जमीलने झाकण पुन्हा बसवलं.

नवं मशीन आलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी घरातली सगळी अवजारं धुऊन देवापुढे मांडायची. विळे, पाभर, पेटी, आणि आता हेही. जुना कीबोर्ड नव्या मशीनला जोडता येतो, असं जमीलने सांगितलं होतं. तेवढ्या आधारावर नाना निर्धास्त होते. पूजेनंतर त्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला, बोटं फिरवली आणि ती थांबली.

“वहिनी, हे कुनी पुसलं?”

“मीच की. लई चिकट झालतं, काय काय खडे बसलते त्याच्यावर. नखानं खरवडून काढले, सोडा लावून धुतलं बादलीत. देवापुढं मांडायचं, तर सवच्छ नको?”

आत पाणी गेलं होतं. कीबोर्ड चालू झाला नाही. केशरबाईचे नवरात्राचे उपास होते, नऊ दिवस ती पाण्यावर होती. नाना म्हणाले, “बरं केलं.”

नव्या कीबोर्डवर दाणे लावायला सुरजने हरकत घेतली. पातळ बटणं आहेत, डिंक आत जाईल, म्हणाला. तरी सुरुवातीला तो शेजारी बसला. या मशीनमधली बाई वेगळी होती, भराभर बोलणारी. नाना तिच्या मागे धावत धावत शिकत होते. उघडायचं कसं ते जमलं, भरायचं कसं ते जमत आलं. मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं भरायला पोरं आली आणि गाण्याच्या ऐन भरात बाई स्पीकरवर बोलली. पोरं खो खो हसली.

“नाना, हिला बंद ठेवतो. गिऱ्हाइकासमोर शोभत न्हाई.”

“मंग मी कसं…”

“तुमी कशाला तरास घेता आता? तुमी गा फकस्त. बाकी मी हाय ना.”

बाई बंद झाली. ‘नंतर चालू करतो’ असं सुरज म्हणाला, आणि तो वाईट मनाने म्हणाला नव्हता. खोलीच्या भिंतींना आवाज शोषणारा फोम लागला, सतरंजी गेली, टेबलं आली. नाना गायला बसत आणि गाणं झालं की उठत. एकदा आपलीच गौळण ऐकताना ते चमकले.

“सुरज, मी हितं श्वास घेतलता. कुठं गेला?”

“काढला. घान वाटतंय ते.”

“अन् हा सूर? माझा सूर जरा खाली ऱ्हातो, वयामुळं.”

“सरळ केला, नाना. आता कसं मस्त वाटतंय.”

मस्त वाटत होतं. नानांना तो कुणा परक्या माणसाचा आवाज वाटला.

दिवाळी सरल्यावर शिवकन्या तिच्या भजनी मंडळातल्या बायका घेऊन आली. नारायणगडावर म्हणायची भजनं भरायची होती. भरून झाली, तशी सुरजला मित्राची हाक आली. “मांजरसुंब्याला जाऊन येतो,” म्हणत तो गेला. बायका पदर सावरून बसून राहिल्या.

“नाना,” शिवकन्या म्हणाली, “आमचं आमाला एकदा ऐकवा की. मधी एक कडवं दोनदा म्हनलंय वाटतं.”

“दोनदाच म्हनलंय. दुसऱ्यांदा चांगलं झालंय, पयलं कापाया पायजे.”

“मंग कापा.”

नानांनी हात पुढे केला. बोटांखाली सगळं गुळगुळीत होतं. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. डाव्या कानात काहीच आलं नाही. बायका श्वास रोखून बघत होत्या, हे त्यांना कळत होतं.

“पडद्यावर काय लिवलंय, कुनी वाचून सांगतं का?” त्यांनी विचारलं.

एक म्हातारी म्हणाली, “इंग्रजी दिसतंय, बाबा. आमी मराठीच धड शिकल्यालो न्हाई.”

“एक चौकोन आलाय,” शिवकन्या म्हणाली. “त्यात काडी हालतीय नुसती.”

सुरजने मशीनला पासवर्ड घातलेला होता, तो नानांना ठाऊक नव्हता.

बाहेर गुरं परतू लागली, तशी बायकांची चुळबुळ सुरू झाली. नाना म्हणाले, “जावा तुमी, सैपाकाची येळ झाली. सुरजला सांगतो मी, तो करंल.”

त्यांना निरोप द्यायला ते उठले, आणि नव्या टेबलाच्या कडेवर त्यांचा गुडघा आदळला. ते वळले, तर समोर दुसरं टेबल.

“हळू, नाना. द्या हात,” शिवकन्या म्हणाली.

दार तिथून तीन पावलांवर होतं. नानांनी हात दिला.