डाव्या हातांचा वर्ग

नवी मुख्याध्यापिका वही घेऊन मागच्या बाकावर येऊन बसली, की गणिताच्या तुर्सुनाय एजेंचा (तिथे मोठ्या बाईंना मानानं एजे म्हणतात) फळ्यावरचा खडू अडखळायचा. आठवड्यात तिसऱ्यांदा!

"एकेक लिहून ठेवतेय हो," खेळाचे मास्तर शायलोबेक चहात बोरसोकचा तळलेला तुकडा बुडवत म्हणाले. "तुमच्या पेन्शनला दोनच वर्षं उरलीत ना? कुणा भाचीला चिकटवायचं असेल तुमच्या जागी."

"मलाही तोच वास येतोय," एजे म्हणाल्या. ही नोकरी गेली, तर या वयात नारीन गावात त्यांना दुसरं कोण विचारणार होतं?

मंडळी, त्या शाळेत पाहुण्यांपुढे धडा दाखवायची एक जुनी रीत होती. प्रश्न आला की सगळ्या पोरांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. बाईंनी उजव्यांनाच उठवायचं. पाहुणे खूश, बाई खूश! पुढेपुढे पोरं रोजच तसं करू लागली.

त्या दिवशी एजेंनी अपूर्णांकांचा प्रश्न टाकला. बत्तीस हात वर! तोच मागून मुख्याध्यापिका गुलझात म्हणाली, "खिडकीजवळच्या मुलीला विचारा ना."

आयझिरेकचा हात डावा होता. ती उभी राहिली आणि रडायलाच लागली. एजेंना वाटलं, संपलं सगळं!

तासानंतर गुलझात म्हणाली, "एजे, मीही याच शाळेत शिकताना कायम डावाच हात वर केला. मला कधी कुणी विचारलंच नाही. उद्या हा धडा मी घेते. माझं चुकेल ते तुम्ही या वहीत लिहा."

"मला अडकवतेस का गं, पोरी?" एजे फटकन बोलल्या. "तोच कागद उद्या माझ्यावर उलटेल."

"मग वही तुमच्याकडेच ठेवा."

घरी जाताच एजेंनी आपली पापं शोधायला पानं उलटली. एकाही शिक्षकाचं नाव नव्हतं. होती नुसती डाव्या हातांच्या पोरांची नावं! तरी एजेंचं मन मानेना. यात काहीतरी मेख असणारच.

दुसऱ्या दिवशी गुलझातचा धडा पार फसला. कालच्या अकरा डाव्या हातांचे चौदा झाले! एजेंना आतून गुदगुल्या झाल्या. त्यांनी लिहिलं, "नुसते आकडे फेकले. नान तोडून दाखवायला हवा होता."

"सगळ्यांसमोर वाचा," गुलझात शिक्षकांच्या बैठकीत म्हणाली. एजेंनी वाचलं. आता पडणार वीज!

"बरोबर आहे," ती म्हणाली. "सोमवारी सुधारून पुन्हा घेते. सगळे बघायला या."

सोमवारी तिनं वर्गात गोल नान तोडला, आणि डावे हात चारच उरले. आयझिरेकचा उजवा होता! एजेंचे डोळे भरून आले. किती वर्षं आपण ही पोरं नजरेआड केली!

"मग भाची कधी येतेय?" शायलोबेकनी हळूच विचारलं.

"गप्प बसा हो! उद्या तुमच्या तासाला मी वही घेऊन येतेय."

मंडळी, जी मुख्याध्यापिका स्वतःची चूक चारचौघांत वाचायला लावते, तिच्याच शाळेत बाकीच्यांना सुधारायचं बळ येतं. दुसऱ्या दिवशी एजे वर्गात शिरल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, ज्याला येत नाही त्यानं आधी हात वर करायचा. मी त्यालाच विचारणार आहे."