बाबांचं बरं

थोरली शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होती आणि गेले चार दिवस एका इंग्रजी विशेषणापाशी तिचं घोडं अडलं होतं. शब्द होता 'न्युआन्स्ड'. तिने अर्थ लिहिला, 'सूक्ष्म छटा असलेले. वरवर साधे, आत गुंतागुंतीचे'. उदाहरण दिलं, 'त्याचे विश्लेषण न्युआन्स्ड आहे.' संपादकबाईंनी कागद परत धाडला. अर्थ ठीक आहे, पण वाक्यात जीव नाही, असा शेरा होता. आणि नव्हताच.

तो कागद पर्समध्ये कोंबूनच शुक्रवारी ती आईबाबांकडे आली. तिथे तिला निराळंच काम होतं.

बाबा किल्ल्या करणारे. घराच्या खालच्या खोलीत चाळीस वर्षं त्यांचं दुकान. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. उरला एकच शब्द, 'बरं'. भूक लागली तरी बरं, पाय दुखला तरी बरं. त्यांना समजतं सगळं, फक्त बाहेर येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. शब्दांवर पोट भरणाऱ्या मुलीच्या बापाकडे एकच शब्द उरावा, या विचाराने थोरली तेव्हा खूप रडली होती.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना दुकानाची जागा हवी होती. मागच्या रविवारी थोरलीने विचारलं, "बाबा, दुकान देऊन टाकू या ना त्यांना?" बाबा म्हणाले, "बरं." लगेच होकार गेला. पी हळद नि हो गोरी, हा तिचा लहानपणापासूनचा खाक्या. आता उद्या सकाळी सह्या होत्या आणि आज ती अवजारं खोक्यात भरायला आली होती.

आई बटाटे सोलत होती. रविवारी ती औषधं आणायला गेली होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं; थोरलीने आत्ता सांगितलं.

"हे हो म्हणाले?" तिने विचारलं.

"बरं म्हणाले."

"कसं म्हणाले?"

"कसं म्हणजे? दुसरं काय म्हणणार आहेत, आई?"

आईने सुरी खाली ठेवली. "चहा हवा असला की यांचं बरं वर चढतं. नको असला की मध्येच तुटतं. मी तणतणायला लागले की मला गप्प करायला एक लांबलचक बरं असतं. आणि आता सांगून उपयोग नाही असं वाटलं, की खाली बघून हळूच म्हणतात. तू विचारलंस तेव्हा कुठे बघत होते?"

थोरलीला आठवेना. तेव्हा तिची नजर फोनवर होती. खरं सांगायचं तर उत्तर यायच्या आधीच तिने होकार टाइप करून ठेवला होता.

"तू तुझ्या मनातलं त्यांच्या तोंडी घालतेस," ती आईला म्हणाली.

"घालत असेन. जा, तूच विचार. या वेळी ऐक मात्र."

खाली बाबा स्टुलावर बसले होते. डाव्या हाताने कानस चालवत होते. समोर बिघडलेल्या पंचवीसेक किल्ल्या पडल्या होत्या. त्यांनी हातातली किल्ली तिच्यापुढे धरली. तिने ती सरावाच्या कुलपात घालून पाहिली. फिरली नाही.

"बरं," बाबा म्हणाले आणि ती परत घेतली. म्हणजे अजून थोडं घासायला हवं. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

तिने फोन बाजूला ठेवला, खोक्यावर बसली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा, दुकान राहू दे?"

त्यांनी कानस खाली ठेवली. "बरं," ते म्हणाले, आणि ते बरं लवकर संपलंच नाही. त्यात ओलावा होता, हो होतं, आणि हे रविवारीच नीट विचारायला काय झालं होतं, असा थोडा रागही होता. थोरलीने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. लाज वाटली तिला, आणि बरंही वाटलं.

तिथूनच तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून माफी मागितली.

सोमवारी तिने नवं वाक्य दिलं. 'बाबा फक्त बरं म्हणाले, पण ते बरं न्युआन्स्ड होतं; मुलीने आधी नीट ऐकलं नव्हतं.'

संपादकबाईंनी शेवटचा भाग खोडला. वाक्य लांबतंय म्हणाल्या. थोरलीने पेन्सिलीने तो पुन्हा लिहिला.