ढगाचं लायसन

भिमाजीतात्यांच्या जीवननं इंग्लंडात विमान चालवायचं लायसन काढलं, ही बातमी आमच्या मखमलाबाद गावभर मीच, त्याच्या शाळेतल्या दोस्तानं, पसरवली. आता बातमी पसरवायची म्हणजे तिखटमीठ आलंच. मी सांगितलं, पोराला ढगात घुसायची स्पेशल परवानगी आहे, वाटेत इंद्र आडवा आला तर नुसता हॉर्न द्यायचा. फुलबाजारात लोक विचारायचे, "काय तात्या, पोरगा पाऊस पाडतो म्हणे?" तात्या लाजून खूश.

तिखटमीठ माझं, पण परवानगी खरी होती. जीवन सातपूरच्या कंपनीतून तिकडं गेला, तिथंच राहिला आणि हौसेनं हे शिकला. ढगात बाहेरचं काही दिसत नसताना समोरच्या काट्यांकडे बघून विमान चालवायचं.

इकडं तात्यांना काचबिंदू. २००२ साली डॉक्टरनं सांगून टाकलं, गेलेली नजर येत नाही, उरलेलीही फार टिकायची नाही. तात्यांनी एकच मागितलं. दिसतंय तोवर पोराशेजारी बसून आपला झेंडूचा मळा वरून बघायचा.

जीवन फोनवर म्हणाला, "दसऱ्याला येतो, तात्या."

"दसऱ्याला तोड आसती, येड्या! झेंडू सोडून कोण हिंडंल? आषाढात ये, तवा मळ्यात काम नसतंय. पाऊस आसला तर आसू दे, तुला ढगाचं लायसन हाय ना!"

जीवन आषाढात आला. त्याचं लायसन इथल्या विमान खात्यानं मान्य केलं होतं, त्यामुळे त्यालाही वाटलं, ढगाचंही त्यातच आलं.

आम्ही तिघं विमानं भाड्यानं देणाऱ्या क्लबच्या धावपट्टीवर गेलो. तात्यांचं धोतर कडक इस्त्रीचं, टोपी कोरी. आभाळ डोंगरावर टेकलेलं. क्लबच्या साहेबानं कागद वाचले आणि मान हलवली.

"लायसन ठीक आहे. पण ढगात उडायची ही परवानगी फक्त ब्रिटनपुरती. शेजारच्या फ्रान्समध्येसुद्धा चालत नाही. इथं खाली जमीन दिसत असेल तरच उडायचं."

तात्यांनी जरा विचार केला. "म्हंजे टेम्पोला नॅशनल परमिट नाय. गुजरातच्या नाक्यावर अडवत्यात, तसं."

"तसंच, तात्या," जीवन खाली बघत म्हणाला.

मी तोंड घातलं. "साहेब, हे ढग पार समुद्रावरनं आलेत, विनापासपोर्ट. त्यांना नाही अडवलं कुणी?"

साहेब हसला, पण जागचा हलला नाही. त्याला जरा बाजूला घ्यावं म्हणून मी खिसा चाचपत उठलो, तर जीवननंच माझा हात धरला.

"गोरक्ष, नको. शेजारी माझा बाप बसणार आहे."

मग रोज सकाळी जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. एकदा उघडलं. पळत जाऊन तात्यांना विमानात बसवलं, पट्टा बांधला, इंजिन सुरू झालं आणि पांडवलेण्याचा डोंगर पुन्हा ढगात बुडाला. जीवननं इंजिन बंद केलं.

"उतरा, तात्या."

"बसू की जरा," तात्या म्हणाले.

बापलेक तसेच बसून राहिले, पंखा थांबलेल्या विमानात. पाऊस काचेवरून ओघळत होता.

रजा संपली, जीवन गेला. वर्षभर आता दुसरी रजा नव्हती.

दसऱ्याच्या आधी मळा नुसता पेटल्यासारखा पिवळा झाला. तात्या बांधावर बसून फुलं बोटांनी चाचपत होते. तोवर त्यांना उजेड-अंधारही कळेनासा झाला होता. माझ्या मोबाइलवर जीवनचा फोन आला. मी तो त्यांच्या हातात दिला.

"आभाळ कसंय म्हणून इचारतोय," तात्या मला म्हणाले. "कसंय रे?"

वर ढगाची चिंधी नव्हती. रामशेज किल्ला हात लावावा इतका स्वच्छ दिसत होता.

"गच्च भरून आलंय, तात्या," मी म्हणालो. "डोंगरसुद्धा दिसत नाही."

तात्यांनी फोन छातीशी दाबला आणि मोकळा तळहात उन्हात धरला.

"लबाडा," ते हळूच म्हणाले, "चटका बसतोय."

मग फोन कानाला लावून, मळाभर ऐकू जाईल एवढ्यानं, "ढगच हायेत रे, जीवन! आत्ता आला आसतास, तरी जमलं नसतं!"